देवीचे कवच आणि माणसाचे पाऊल



वाईसारख्या गावी स्तोत्रपाठ या विषयावर बोलायला उभे राहताना माझ्यासारख्या सांगलीकराला संकोच वाटतो. ज्या गावात धर्मकोशाचे खंड सिद्ध झाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्यांनी जेथे शास्त्राचा एकेक शब्द घासूनपुसून पारखला, तेथे मी चार पोथ्या वाचलेल्या शाळामास्तराने काय सांगावे? पण एका नात्याने मला येथे बोलण्याचा हक्क आहे. तुमच्या घाटाला लागून जे पाणी वाहते तेच पुढे माहुलीला वेण्णेला आणि कऱ्हाडला कोयनेला पोटात घेऊन आमच्या दारात येते. तुम्ही जिला कृष्णाबाई म्हणून मखरात बसवता, ती आमच्याकडे कधी कधी जिना चढून माडीवर येते. तेव्हा एकाच देवीच्या दोन गावच्या लेकरांनी एकमेकांशी बोलायला हरकत नसावी.

आजचा विषय संकटकाळी म्हटल्या जाणाऱ्या देवीच्या पाठाचा आहे. सप्तशती, देवीकवच, अर्गला, कीलक ही नावे आपणा सर्वांच्या कानावरची आहेत. ज्यांच्या घरी संस्कृत पोथी नव्हती त्यांच्या घरी गोंधळ होता, जोगवा होता, काळूबाईची गाणी होती. घरात कोणी आजारी पडले, मुलगा लांबच्या प्रवासाला निघाला, नदीला पाणी चढू लागले की घरातले कोणीतरी हातपाय धुऊन देव्हाऱ्यापुढे बसे. हा अनुभव मी लहानपणापासून घेतला आहे. त्याने मला बळ दिले आहे आणि एकदा फार मोठे दुःखही दिले आहे. म्हणून या विषयाकडे मी केवळ अभ्यासक म्हणून पाहू शकत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

प्रारंभ वाईपासूनच करू. तुमच्या कृष्णाबाईच्या उत्सवाचे मूळ परंपरा 1659 सालच्या संकटात सांगते. अफझलखान पूर्वी येथला सुभेदार होता. त्याला गाव ठाऊक होते आणि गावाला तो. तो प्रचंड फौज घेऊन वाईस येऊन बसला, तेव्हा येथल्या शेंडे घराण्यातील शास्त्र्यांनी कृष्णामाईला साकडे घातले की हे अरिष्ट टळू दे, शिवाजीराजांना यश दे, आम्ही तुझा उत्सव करू. पुढे 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झाले ते मी सांगायला नको. नवस फिटला, उत्सव सुरू झाला, आणि आज आळीआळीने प्रत्येक घाटावर देवी मांडवात बसते, कीर्तने होतात, प्रसादाच्या पंगती उठतात.

हे सर्व गोड आहे. पण याच कथेचा दुसरा भाग पाहा. राजांना स्वतःलाही त्या दिवसांत भवानीचा दृष्टान्त झाला, देवीने यशाचे अभय दिले, असे सभासदाची बखर सांगते, परमानंदाचे शिवभारतही देवीच्या प्रसादाची कथा वर्णन करते. आता ज्याला साक्षात जगदंबेचे अभय मिळाले त्याने काय करावे? निश्चिंत होऊन बसावे? राजांनी जावळी 1656 साली हाती येताच प्रतापगड बांधून घेतला होता. अभय मिळाल्यावरही त्यांनी खानाला वाईच्या मोकळ्या मैदानातून जावळीच्या दाट रानात आणले. झाडीत ठिकठिकाणी माणसे पेरली, इशाऱ्याची तोफ ठरवली. आणि भेटीला निघताना अंगरख्याखाली चिलखत चढवले, मंदिलाखाली लोखंडी टोप घातला. खानाने वार केला तेव्हा तो त्या लोखंडावर खरखरला. देवीच्या शब्दाचे कवच अंगावर असताना राजांनी लोखंडाचे कवच उतरवले नाही. आणि लोखंडाचे होते म्हणून देवीला विसरलेही नाहीत. 1661 साली प्रतापगडावर भवानीची स्थापना झाली ती काही उगीच नव्हे.

मला कोणी म्हणेल की ही राजकारणाची गोष्ट झाली, पोथीत तसे कोठे आहे? मी पोथीतच नेतो तुम्हाला.

सप्तशती म्हणजे मार्कंडेय पुराणातले तेरा अध्याय. तिची सुरुवातच संकटात सापडलेल्या दोन माणसांनी होते. एक सुरथ राजा. शत्रूंनी आणि स्वतःच्या कारभाऱ्यांनी त्याचे राज्य लुबाडले. दुसरा समाधी नावाचा वैश्य. बायकामुलांनी पैशाच्या लोभाने त्याला घराबाहेर काढले. दोघेही रानात मेधा ऋषींच्या आश्रमात भेटतात. दोघांचे दुखणे असे की ज्यांनी आपल्याला हाकलले त्यांचीच काळजी त्यांच्या मनातून जात नाही. राजाला आपल्या हत्तीला कोणी वेळेवर चारा घालतो की नाही याची चिंता! मला हा तपशील फार आवडतो. पुराणकाराला माणूस ठाऊक होता. शेवटी हे दोघे नदीच्या वाळवंटात मातीची मूर्ती करून तीन वर्षे तप करतात. नदीकाठच्या माणसांनी हे विसरू नये की ज्या काठावर पूर येतो त्याच काठाच्या मातीची ती देवी होती.

बाराव्या अध्यायात देवी आपल्या चरित्राच्या पठणाचे फळ सांगते. तेथे संकटांची जणू यादीच आहे. वणव्याने वेढलेला, चोरांनी गाठलेला, शत्रूच्या हाती सापडलेला, वाघसिंहांनी पाठ धरलेला, राजाने रागावून वधाची आज्ञा दिलेला, बेडीत पडलेला, आणि भर समुद्रात वाऱ्याने गरगरणाऱ्या नावेत बसलेला. अशा माणसाने माझे चरित्र आठवावे म्हणजे तो सुटेल, असे देवी म्हणते. आता यातला प्रत्येक माणूस नीट पाहा. त्याच्या हातून करण्यासारखे जवळपास काही उरलेले नाही. नाव त्याच्या ताब्यात नाही, बेडीची किल्ली त्याच्याजवळ नाही. जेथे माणसाचा उपाय खुंटतो तेथे स्मरण सुरू होते. ज्याच्या दाराशी नाव येऊन उभी आहे आणि जो त्या नावेत बसत नाही, तो या यादीत नाही. हे मी पुढे कशासाठी सांगणार आहे ते आपल्या ध्यानात येईल.

आणि कवच! सप्तशतीच्या आधी कवच, अर्गला आणि कीलक म्हणण्याचा प्रघात आहे. कवच म्हणजे चिलखत, अर्गला म्हणजे दाराचा अडसर, कीलक म्हणजे खीळ. तिन्ही शब्द सैनिकाच्या आणि घरधन्याच्या रोजच्या वापरातले. कवचात आधी दिशांचा बंदोबस्त आहे. पूर्वेला ऐंद्री, दक्षिणेला वाराही, पश्चिमेला वारुणी, वर ब्रह्माणी, खाली वैष्णवी, असे दहाही दिशांना पहारे बसवल्यावर मग शरीर सुरू होते. शेंडीपासून कपाळ, डोळे, दात, खांदे, गुडघे, घोटे, थेट पायाच्या बोटांपर्यंत. एकही अवयव सुटत नाही. रोमरंध्रांनाही राखणदार आहे. नंतर घरची माणसे आणि गुरेढोरे येतात, आणि वाटेचे रक्षण करणाऱ्या देवीही येतात. कल्याण हवे असेल तर या कवचावाचून एक पाऊलही टाकू नये, अशा अर्थाचे वचन तेथे आहे. जो जेथे जेथे जाईल तेथे तेथे त्याला यश येईल, असे आश्वासन आहे.

जाईल तेथे! चिलखत घालून कोणी पलंगावर निजत नाही. कवच हे निघणाऱ्या माणसाचे स्तोत्र आहे. एक पाऊल कसे टाकावे ते त्यात सांगितले आहे. पाऊल टाकू नये असे त्यात कोठेही सांगितलेले नाही.

शरीराची ही मोजदाद भीतीच्या वेळी काय करते, ते मी अनुभवले आहे. भ्यालेल्या माणसाला आपले हातपाय कोठे आहेत याची शुद्ध राहत नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पाटण तालुक्यातल्या एका खेड्यात नातेवाइकांकडे होतो. अंधारात सगळे अंगणात धावलो. थंडी मरणाची. जमीन पुन्हा हलेल की काय या धास्तीने कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. तेवढ्यात एका म्हाताऱ्या आजींनी मोठ्याने कवच म्हणायला सुरुवात केली. शेजारच्या घरातली माणसे आवाजाच्या रोखाने आमच्या अंगणात आली. एकेक अवयवाचे नाव येत होते आणि मी नकळत आपले गुडघे, आपली बोटे चाचपत होतो. कवच संपले तेव्हा हातपाय ताळ्यावर आले होते. मग पुरुष मंडळी कंदील घेऊन पडलेल्या भिंतींकडे निघाली. भूकंप त्या पाठाने थांबला असे मी म्हणत नाही. घाबरलेली माणसे त्या पाठाने कामाला लागली, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिले.

गोंधळ्यांचेही तसेच आहे. कवच शरीराची मोजदाद करते, गोंधळी मुलखाची करतो. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, एकेक ठाणे घेऊन तो प्रत्येकीला गोंधळाला यायचे आवतण देतो. संबळाच्या तालावर सारा महाराष्ट्र त्या अंगणात गोळा होतो, आणि अंगणातल्या माणसाला आपण एकटे नाही असे वाटू लागते. पंडितांचे स्तोत्र आणि गोंधळ्याचा उदोकार यांत मोठे अंतर आहे असे मानणाऱ्यांनी दोन्ही एकदा लागोपाठ ऐकावेत.

आपल्या भाषेनेही या बाबतीत मोठे शहाणपण दाखवले आहे. ज्या भयंकर रोगाने खेडीच्या खेडी ओस पाडली त्याला मराठी माणूस 'देवी' म्हणे. मुलाला देवी आल्या, असे म्हणत. शीतळादेवीची आराधना करीत. नंतर लस आली. तिच्यासाठी नवा शब्द काढावा असे कोणाला वाटले नाही. देवी टोचल्या, देवी काढल्या, असेच आपण म्हणालो. रोगही देवी आणि रोगाचे निवारणही देवी! माझ्या दंडावर ते वण अजून आहेत. आमच्या आजीने टोचून घेण्याआधी आम्हा भावंडांना देव्हाऱ्यापुढे नमस्कार करायला लावला आणि मग स्वतः हाताला धरून टोचणाऱ्यापुढे उभे केले. तिला त्यात विसंगती दिसली नाही. भारतातला तो रोग 1975 साली थांबला आणि 1980 साली तो जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. आजीच्या दृष्टीने देवीने देवीला माघारी नेले. तिचा हिशेब मला आजही चुकीचा वाटत नाही.

आता मला माझ्या घराकडे यावे लागेल.

2005 सालचा जुलै संपत आला होता. आमचे घर सांगलीच्या गावभागात, नदीपासून फार दूर नाही. आयर्विन पुलापाशी 40 फूट पाणी झाले की इशारा आणि 45 फुटांना धोका, हे सांगलीत शाळेतले पोरही सांगते. त्या वर्षी पाणी 53 फुटांच्या वर गेले. आम्ही सारे माडीवर गेलो. आई चौऱ्याऐंशी वर्षांची, दम्याने खंगलेली. दादांनी, म्हणजे माझ्या वडील बंधूंनी, पाणी ओसरावे म्हणून संकल्प सोडून सप्तशतीचा पाठ धरला होता. चौथा अध्याय चालू असताना खिडकीखाली नाव आली. नावेतला तरुण मुलगा ओळखीचा होता. तो म्हणाला, "काका, चला बिगीनं. पुन्हा येणं हुतंय का नाही, काय खरं न्हाय." दादांनी हातानेच थांब म्हणून खूण केली. अध्याय मध्येच सोडू नये असा नियम. तो पोर जरा थांबला, मग पलीकडच्या वाड्यातून लहान मुलांचा आकांत ऐकू आला आणि त्याने नाव तिकडे वळवली. त्याने केले ते योग्यच केले.

दुसरी नाव आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. आईची औषधे खालच्या कपाटात भिजून गेली होती. रात्रभर ती ओल्या भिंतीला टेकून श्वास ओढत होती आणि दादा पाठ करीत होते. तेरा अध्याय पूर्ण झाले. आई त्यानंतर नवव्या दिवशी गेली.

दोष मी दादांच्या माथी मारीत नाही. मी तेथे होतो. मी उठून पोथी मिटू शकलो असतो, आईला पाठीवर घेऊन खिडकीतून उतरवू शकलो असतो. मी तसे केले नाही, कारण मलाही मनातून वाटत होते की एवढे निष्ठेने चालले आहे तर पाणी चढणार नाही. दोन पदव्या घेतलेला, मुलांना विज्ञान शिकवलेला मी! पुढे कित्येक महिन्यांनी एका जाणत्या गृहस्थांनी मला सांगितले की अध्याय मध्येच थांबला तर तो पुन्हा पहिल्यापासून वाचावा, एवढेच विधान आहे. म्हणजे थांबण्याची सोय शास्त्राने केलेलीच होती. भुर्दंड होता तो एका अध्यायाच्या पुनर्वाचनाचा. आम्ही नियमाचा पहिला अर्धा भाग पाठ केला होता आणि दुसरा कोणाला विचारलाच नव्हता.

फलश्रुतीचे काय करायचे, हा प्रश्न मग माझ्यापुढे दत्त म्हणून उभा राहिला. मीमांसक म्हणतील की हा अर्थवाद आहे. माणसाची रुची वाढावी म्हणून केलेली स्तुती आहे, ती अक्षरशः घेऊ नये. उलट भक्तिमार्गी म्हणतील की नामाच्या महिम्याला अर्थवाद म्हणणे हाच मोठा अपराध. या वादात मी पडत नाही. मला बाराव्या अध्यायातली ती यादी पुरते. त्या यादीतल्या माणसाला श्रद्धा जेवढी हवी तेवढी ठेवू द्या. त्या यादीत नसलेल्या माणसाने आधी नावेत बसावे.

त्याच 2005 सालाने तुमच्या तालुक्यालाही असा घाव दिला. 25 जानेवारीला, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत, मांढरदेवीच्या डोंगरावर सुमारे तीनशे माणसे गेली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, एकावर एक कोसळणारी गर्दी, मग दुकानांना लागलेली आग. या सभेत त्या दिवशी डोंगरावर धावून गेलेले लोक बसले असतील. जी शाकंभरी, सप्तशतीच्या अकराव्या अध्यायात, शंभर वर्षांच्या अवर्षणात आपल्या देहातून उगवलेल्या भाज्यांनी लोकांना जगवीन म्हणून वचन देते, तिच्याच पौर्णिमेला हे घडले. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी मुलखातल्या माणसाला त्या वचनाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ती माणसे काळूबाईकडे संरक्षण मागायलाच निघाली होती. त्यांची भक्ती कमी पडली असे कोण म्हणेल? कमी पडल्या त्या पायऱ्या आणि वाटा. न्यायमूर्ती कोचर यांच्या आयोगाने चौकशी केली. माझे म्हणणे एवढेच की देवीच्या दारातली पायरी धुऊन कोरडी ठेवणे हेही कवचच आहे, आणि ते म्हणायचे नसते, करायचे असते.

तुमच्या पूर्वजांना हे पक्के ठाऊक होते. ढोल्या गणपतीच्या देवळामागे जाऊन पाहा. रास्त्यांनी हे देऊळ नदीच्या अगदी अंगावर बांधले आणि मागची बाजू माशाच्या आकाराची केली, पुराचे पाणी तेथे दुभंगावे, दोन्ही अंगांनी निघून जावे म्हणून. आत विघ्नहर्ता बसलेला, आणि तरीही बाहेर विघ्नाशी झुंजणारा दगड! त्या गवंड्याला कोणी अश्रद्ध म्हटल्याचे ऐकिवात नाही.

2019 च्या ऑगस्टात कृष्णेने 2005 लाही मागे टाकले. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली नाव उलटली आणि बायामुलांसह अनेक जीव गेले. ती माणसे मात्र नावेत बसली होती. त्यांच्यासाठी कमी पडल्या त्या नावा, आणि पाण्यावर तरंगत ठेवणारी जाकिटे. देवीच्या यादीतली ती गरगरणारी नाव मी वर्तमानपत्रात वाचली आणि पुढे वाचवेना.

त्या वेळी आमच्या घरी काय झाले ते सांगून थांबतो. दादांनी पाठ सोडला नव्हता. पण 2005 नंतर पोथीच्या पाटाशेजारी एक रबरी पिशवी असे. तिच्यात वहिनींची औषधे, घराची कागदपत्रे, विजेरी, थोडे पैसे. दर नवरात्रात घट बसण्याआधी दादा ती उघडून जुनी औषधे काढून टाकीत आणि नवी भरीत. त्या ऑगस्टात पाणी 38 फुटांवर गेल्याचे कळले तेव्हा ते पाठाला बसलेले होते, पाचवा अध्याय अर्ध्यावर होता. त्यांनी पानात तुळशीचे पान ठेवले, पोथी बासनात बांधून माडीवरच्या फडताळात उंच ठेवली, आणि पिशवी काखेला मारली. मी न राहवून म्हणालो, "दादा, अध्याय राहिला." ते वहाणा घालता घालता म्हणाले, "आईला माहीत आहे मी कुठे थांबलोय." कोणती आई, ते मी विचारले नाही. जिना उतरताना ते कवच पुटपुटत होते. एकेका पायरीला एकेक अवयव.

पाणी उतरल्यावर घर धुऊन, गाळ उपसून, भिंती सुकायला महिन्याहून जास्त लागला. मग एका मंगळवारी दादांनी पोथी खाली काढली. तुळशीचे पान वाळून काळे झाले होते. ते त्यांनी निर्माल्यात टाकले आणि पाचवा अध्याय पहिल्यापासून वाचायला घेतला.